सोन्याचा मुलामा आणि कर्करोगाची गाठ

सोन्याचा भाव रोज पाहणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना सोन्याचा एक नवा उपयोग ठाऊक असावा. कर्करोगाची गाठ आतून तापवून मारण्यासाठी शास्त्रज्ञ सोन्याचा सूक्ष्म मुलामा वापरीत आहेत.

सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. हा मुलामा त्याहूनही पातळ आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात नेओमी हालास व जेनिफर वेस्ट यांनी सिलिका, म्हणजे वाळूतील द्रव्य, यांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांवर सोने चढवले. मुलाम्याची जाडी बदलली की गोळी कोणता प्रकाश शोषील ते ठरवता येते. मांसातून काही अंतर आत जाणारा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषून तापेल अशी गोळी त्यांनी बनवली. २००३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

पुढे न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवर चाचणी केली. गोळ्या शिरेतून दिल्या. गाठीच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून त्या आत साठल्या. दुसऱ्या दिवशी बारीक तंतूने लेसरचा प्रकाश थेट गाठीत सोडला. १५ जणांवर उपचार पूर्ण झाला, लघवीच्या तक्रारीही फारशा वाढल्या नाहीत. अहवाल २०१९ मध्ये आला.

आपल्याकडेही काम चालले आहे. मुंबईची आयआयटी आणि खारघरचे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र यांनी चरबीच्या सूक्ष्म फुग्यांवर सोने बसवून उंदरांवर प्रयोग केले. तो निबंध २०१५ चा आहे.

मात्र हिशेब नीट समजून घ्यावा. जेथे प्रकाश पोहोचतो तेथेच हा उपाय चालतो. अंगभर पसरलेल्या रोगाला तो पुरत नाही. सोने स्वतः रोग बरा करीत नाही; ठरावीक मापाची गोळी, लेसर आणि तज्ज्ञ हात हे तिन्ही लागतात. म्हणून 'नॅनो सोने' या नावाने कोणी कर्करोगावर बाटली किंवा पुडी विकू लागला, तर ती घेऊ नये आणि आपल्या दुकानात ठेवूही नये. अशा औषधावर पैसा जातोच, पण शस्त्रक्रिया किंवा किरणोपचाराची वेळ निघून गेली तर ते नुकसान कोणत्याही नफ्याने भरून येत नाही. गाठ दिसताच आधी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.