चाचणी कुठे झाली?

फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र दाखवणारं चित्र, समोर आला की माझी नजर आधी मधल्या ‘काही फरक नाही’ सांगणाऱ्या उभ्या रेषेवर जाते. दरेक चाचणीचा एक चौकोन आणि त्यातून जाणारी आडवी रेघ. चाचणी लहान असली की रेघ लांबते, म्हणजे अंदाज ढिला. तिने उभी रेषा ओलांडली, तर त्या एकट्या चाचणीवरून ठाम काही म्हणता येत नाही. तळाशी सगळ्यांचा मिळून एक हिरा.

वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचं बोधचिन्ह हे असंच चित्र आहे. दिवस भरण्याआधी बाळंत होऊ शकणाऱ्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, या प्रश्नाचं. लिगिन्स आणि हाउवी यांची पहिली चाचणी न्यूझीलंडमधली, १९७२ सालची.

चाचण्या रँडमाइज्ड, म्हणजे कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेल्या असल्या, की पुराव्याची प्रत ठरवण्याच्या ग्रेड पद्धतीत पुरावा ‘उच्च’ प्रतीपासून सुरू होतो. मग तो खाली आणायचा का, हे तपासायचं. पक्षपात, निकालांतली तफावत, न छापलेले अभ्यास, हे बऱ्यापैकी लवकर उरकतं. शिफारस ठरवणारी बैठक अडते ती एकाच ठिकाणी: ज्यांना हे औषध द्यायचंय, त्यांच्यासारख्यांवरच चाचणी झाली होती का?

याच स्टेरॉइडच्या इंजेक्शनची ‘ॲक्ट’ चाचणी सहा देशांत झाली. त्यात आपलं नागपूर होतं, बेळगाव होतं. इंजेक्शन थेट गावपातळीवर पोहोचवलं. अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर इंजेक्शनच्या विभागांत हजारी २७.४ नवजात दगावली, इतरत्र २३.९. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक आयांची बाळं तशी लहान नव्हतीच.

पुढे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ‘ॲक्शन’ चाचणी आली. भारतासह पाच देश, २,८५२ स्त्रिया, पण सगळ्या रुग्णालयातल्या आणि सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेल्या. इथे नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

दोन्ही चाचण्या रँडमाइज्ड, दोन्ही मोठ्या. अभ्यासाच्या प्रकारांची उतरंड इथे काहीच सोडवत नाही. औषधगटाचं नाव लिहून शेजारी ‘उच्च’ असा शेरा मारणं मला धोक्याचं वाटतं. आठवडे नक्की माहीत असणं, आईला जंतुसंसर्ग नसणं, जन्मल्यावर बाळाची नीट काळजी घेता येणं, या अटी संघटनेच्या शिफारशीतच आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागणाऱ्या तक्त्यात या सगळ्या अटी इंजेक्शनच्या मात्रेच्या वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला हव्यात.