एकाच घरात, तरी अनोळखी!

वीकएन्डला पुण्याहून साताऱ्याच्या घरी गेलात की गरमागरम भाकरी, यवतेश्वरची चक्कर... आणि बाबांची हमखास फर्माईश, ‘अरे, तो लग्नाचा अल्बम तुझ्या लॅपटॉपवर घे ना!’ अल्बम असतो हॉलमधल्या जुन्या डेस्कटॉपवर. राउटर एकच, अंतर जेमतेम दहा फूट. तरी लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’ विंडोत डेस्कटॉपचा पत्ताच नाही! मग सुरू पेन ड्राइव्हच्या फेऱ्या.

साताऱ्यात ही फक्त सोयीची गोष्ट. कृष्णेच्या काठाने खाली सांगलीला या, की मामला सिरियस होतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट! जुलै २०२१मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरलं. तळमजल्यावरच्या सीपीयूत घरचे फोटो, दुकानाचे हिशेब, सातबाऱ्याचे स्कॅन असतील, तर त्यांची दुसरी कॉपी हवीच. आणि ती पाऊस सुरू व्हायच्या आत.

घोडं अडतं कुठे?

बहुतेक वेळा वायर ठीक असते, वाय-फायही ठीक असतो. विंडोज संशयी झालंय, इतकंच! मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. तो पसरला फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतून, एसएमबी-१मधून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १०च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही पद्धत येणंच बंद झालं. विंडोज ७सोबत २००९मध्ये आलेला सोपा ‘होमग्रुप’ही २०१८मध्ये काढून टाकला गेला. आणि २०२४मध्ये आलेल्या विंडोज ११ प्रोच्या २४एच२ व्हर्जनमध्ये बिनपासवर्डच्या ‘गेस्ट’लाही दारातूनच परत पाठवण्याचा बंदोबस्त आहे.

म्हणून ‘एसएमबी-१ चालू कर, सगळं चालेल’ हा मित्राचा सल्ला ऐकू नका. चोरवाट उघडायची गरजच नाही, रीतसर ओळखपत्र दाखवा!

या क्रमाने बघा

एक : दोन्ही मशीन खरंच एका नेटवर्कवर आहेत का? सेटिंग्जमध्ये दोघांचा आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस बघा. साध्या घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे सारखेच असतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१. वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर लावला असेल, किंवा लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल, तर गोची तिथेच आहे.

दोन : नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’? घरी ‘प्रायव्हेट’ करा. मग ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ऑन करा. कॅफेच्या वाय-फायवर मात्र ‘पब्लिक’च बरं.

तीन : डेस्कटॉपवर पासवर्ड असलेलं एक साधं लोकल अकाउंट उघडा आणि हवा तो फोल्डर त्या नावाने शेअर करा. नुसतं बघायचं असेल तर ‘रीड’ पुरे. लॅपटॉपने विचारल्यावर त्याच अकाउंटचं नाव आणि पासवर्ड द्या. लॉगिनचा चार आकडी पिन इथे चालत नाही, निम्मी डोकेदुखी याच पिनची असते!

चार : तरीही नाव दिसेना? नावाचा नाद सोडा. फाइल एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश टाका, पुढे डेस्कटॉपचा आयपी अ‍ॅड्रेस, आणि एंटर. यादी रिकामी असली तरी शेअरिंग चालू असू शकतं.

पाच : मोठी कॉपी मध्येच तुटते? डेस्कटॉप झोपी जातोय. तेवढ्यापुरता ‘स्लीप’ बंद करा. जमलं तर लॅपटॉपही वायरने राउटरला जोडा.

डेस्कटॉप विंडोज ७चा असला तरी हे जमतं, कारण त्याला एसएमबी-२ येतं. एक्स्पीला मात्र फक्त एसएमबी-१ कळतं. तिथे गुपचूप पेन ड्राइव्ह काढा आणि उघडण्याआधी तो स्कॅन करा.

एक फंडा मात्र लक्षात ठेवा. शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे! लॅपटॉपवर अल्बम नुसता दिसत असेल, तर फाइल अजून तळमजल्यावरच आहे. म्हणून आधी जे पुन्हा मिळणार नाही ते कॉपी करा : फोटो, आजीचे व्हिडिओ, कागदपत्रं. दोन-चार फाइल उघडून खात्री करा. सिनेमे नंतर.

आणि रविवारी संध्याकाळी पुण्याची एसटी पकडताना एक कॉपी सोबत घ्या. चटणी-लोणच्याच्या पिशवीत हार्ड डिस्कपुरती जागा होतेच की!