‘भांडवल’ एकट्याने वाचू नये

कार्ल मार्क्स अर्थशास्त्राकडे वळला तो सरपणामुळे. १८४२ साली तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता आणि कोलोनच्या ‘राइनिश झायटुंग’ या वर्तमानपत्रात लिहीत होता. ऱ्हाइन प्रांताच्या सभेपुढे तेव्हा एक कायदा आला होता. जंगलात पडलेल्या काटक्या गोरगरिबांनी उचलल्या तर ती चोरी धरायची, असं त्यात होतं. दंडाचे पैसे जायचे जंगलमालकाच्या खिशात, आणि नेलेल्या लाकडाची किंमत ठरवणार त्याच मालकाचा राखणदार. मार्क्सने यावर लेखमाला लिहिली. उभं झाड तोडणं वेगळं आणि गळून पडलेली फांदी उचलणं वेगळं, असं त्याने मांडलं. गरिबांची वहिवाट कागदावर नाही म्हणून ती नव्हतीच असं होत नाही, हेही त्याने ठणकावून सांगितलं. पुढे १८५९ मध्ये एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने या वादाची आठवण काढली आणि आर्थिक प्रश्नांत लक्ष घालणं आपल्याला प्रथम तिथेच भाग पडलं, असं नोंदवलं.

देवास जिल्ह्यातल्या बागली तहसिलीत ही हकिगत सांगितली तर ती कुणाला परमुलखातली वाटणार नाही. माळव्याचं पठार इथे संपतं आणि घाट नर्मदेकडे उतरू लागतो. काली सिंध नदी इथल्याच डोंगरात उगम पावते. वर काळी जमीन आणि सोयाबीन, खाली सागाचं जंगल आणि भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू यांचे पाडे. जंगलावरचा हक्क कुणाचा, हे भांडण इथे किती जुनं आहे ते इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं. २ एप्रिल २००१ रोजी याच तहसिलीतल्या मेहंदीखेड्यात पोलिसांच्या गोळीबारात चार आदिवासी मारले गेले. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे संसदेने कायद्याच्या उद्देशिकेत लिहून दिलं ते २००६ च्या वनहक्क कायद्यात, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी.

मार्क्सचं अर्थशास्त्र वाचायचं तर अशा ठिकाणी बसून वाचावं, आणि एकट्याने वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. बागलीतला शाळामास्तर, हाटपिपल्याचा दुकानदार, बचतगटाची हिशेबनीस, पिथमपूरच्या कारखान्यातला कामगार, इंदूर-पुण्यातली मराठी मंडळी अशी माणसं आज एका गावात भेटत नाहीत. फोनवर मात्र रविवारी संध्याकाळी दीड तास एकत्र बसू शकतात. घाटाखालच्या पाड्यांत नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून चेहरे दिसण्याचा आग्रह नको, आवाज पुरे. माणसं दहा-बाराच असावीत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचं, तिसऱ्याने आपल्या गावचा हिशेब मांडायचा.

एकत्र वाचण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. १९२९ च्या मार्चमध्ये कम्युनिस्टांवरच्या मेरठ खटल्यात पकडलेल्यांत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले गंगाधर अधिकारी अशी कितीतरी मराठी माणसं होती. त्या कोठडीत अभ्यास झाला, वाद झाले, आणि अठरा आरोपींनी मिळून न्यायालयापुढे एक दीर्घ निवेदन ठेवलं. बागलीच्या जवळचं उदाहरण हवं तर शुजालपूर आहे. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलणारे आणि लिहिणारे हिंदीत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तिथल्या शारदा शिक्षा सदनात शिक्षक होते, आणि नेमिचंद्र जैन यांच्या सहवासात मार्क्सवादाकडे ओढले गेले. माळव्याच्या एका लहानशा गावातल्या त्या बैठकांनी हिंदी कवितेची दिशा बदलली, इतकं मी निःशंक म्हणेन.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘मागोवा’चं उदाहरण. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईतली काही शिकलेली तरुण मुलं मार्क्सवादाचा अभ्यास करू लागली. सुधीर बेडेकर त्यांतले एक. ‘मागोवा’ हे त्यांचं मासिक. पण ही मंडळी वाचून थांबली नाहीत. कुमार शिराळकरांसारखा आयआयटीत शिकलेला इंजिनिअर तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला जाऊन राहिला. तिथे अंबरसिंग सुरतवंती आदिवासींना आधीपासूनच संघटित करत होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू सोनवणे त्याच मातीतले, पुढे कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झालेले. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराची मजुरी, हातची गेलेली जमीन, दुष्काळातलं रोजगाराचं काम हे प्रश्न त्या मुलांना पुस्तकात सापडले नव्हते, आणि पुस्तक वाचलं नसतं तर त्यांची संगतीही लागली नसती. शहाद्याचे पावरा आणि बागलीचे बारेला एकमेकांचे सोयरेच म्हणायचे. म्हणून शहाद्याला जे जमलं त्याचा धागा बागलीत पकडता येतो.

आता वाचायचं काय? बहुतेक जण ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाचं पहिलं पान उघडतात, वीस वार लिनन आणि एक कोट यांच्या समीकरणात अडकतात आणि पुस्तक फडताळात परत जातं. मार्क्सला ही अडचण माहीत होती. सप्टेंबर १८६७ मध्ये हॅम्बुर्गला ‘भांडवल’चा पहिला खंड निघाला आणि नोव्हेंबरात त्याने आपले मित्र कुगेलमान यांना कळवलं, की तुमच्या पत्नीला आधी कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी, यंत्रं आणि शेवटी आदिम संचय ही प्रकरणं वाचायला द्या. फ्रेंच आवृत्ती १८७२ ते १८७५ या काळात ४४ हप्त्यांत निघाली. कामगारांना पुस्तक असं थोडं थोडं मिळणं त्याला पसंत होतं. सुरुवातीच्या प्रकरणांत वाचक दमतील ही काळजीही त्याने प्रकाशकाला कळवली होती. आठवड्याच्या बैठकीला याहून चांगला आधार कुठला? तेव्हा आधी १८६५ चं व्याख्यान घ्यावं, मजुरी, किंमत आणि नफा यांवरचं. ते कामगारांच्या सभेपुढे दिलेलं असल्याने बोलत बोलत पुढे जातं. मग कामाच्या दिवसाचं प्रकरण. पहिलं प्रकरण त्यानंतर, आणि सावकाश. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या प्रती समोर असाव्यात. एका भाषेत अडलेलं वाक्य दुसरीत पुष्कळदा सुटतं.

कामाच्या दिवसाच्या प्रकरणात इंग्लंडच्या कारखाना निरीक्षकांचे अहवाल पानोपानी येतात. बेकरीतले, काडेपेटीच्या कारखान्यातले, भट्टीवरचे कामगार आणि त्यांचे तास. १८४७ चा दहा तासांचा कायदा तिथे कसा लढून मिळवला हे वाचताना आपली आठवण निघणारच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले. पिथमपूर किंवा देवासच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या सभासदाने त्या दिवशी एवढंच सांगावं: घरून किती वाजता निघतो, गेटमधून किती वाजता बाहेर पडतो, जादा तासांचे किती मिळतात. बाकीच्यांनी ऐकावं.

वरकड मूल्याची कल्पना आकड्यांशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून एक हिशेब. समजा, सरकी काढायच्या जिनिंगमध्ये एक कामगार आठ तास काम करतो आणि त्याला दिवसाचे ४०० रुपये मिळतात. त्याच्या श्रमातून तासाला १०० रुपयांचं नवं मूल्य तयार होतं. पहिल्या चार तासांत त्याची मजुरी भरून निघाली. उरलेल्या चार तासांतलं ४०० रुपयांचं मूल्य मालकाकडे राहिलं. ४०० ला ४००, म्हणजे वरकड मूल्याचा दर शंभर टक्के. मालक वही दाखवून म्हणेल, कापूस, वीज, यंत्राची झीज धरून या माणसामागे माझे ३,२०० रुपये गेले, मजुरीचे ४०० धरून ३,६०० लावले आणि ४,००० हातात आले, नफा अकराच टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. मार्क्सचं म्हणणं असं, की कापूस आणि यंत्र आपलं आधीचं मूल्य मालात उतरवतात, नवं मूल्य देतो तो माणूस. आणि इथे मजुरीत लबाडी झाली असं तो म्हणत नाही. श्रमशक्तीची बाजारातली पूर्ण किंमत चुकती केली तरीही वरकड उरतं, हेच त्याला दाखवायचं होतं. बैठकीत या एका मुद्द्यावर दोन रविवार गेले तरी जाऊ द्यावेत. लबाड मालक आणि भला मालक या भाषेतून बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

पैशाचं प्रकरण बागलीकरांनी तर चुकवूच नये, कारण त्यांच्या जिल्ह्यात नोटा छापल्या जातात. देवासची बँक नोट प्रेस १९७० च्या दशकात सुरू झाली. मार्क्सच्या काळात पैसा म्हणजे सोनं. सोन्याच्या जागी फिरणारा सरकारी शिक्क्याचा कागद ही त्याची नुसती खूण, असं तो समजावतो. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा तोडला. मग आज देवासला छापलेल्या नोटेमागे नेमकं काय उभं आहे? या प्रश्नावर मार्क्सवादी अर्थतज्ज्ञांत आजही एकमत नाही, आणि गटानेही ते घाईने करू नये.

माळव्याच्या शेतात कितीतरी वर्षं ज्या पिकाने पैसा आणला, ते म्हणजे अफू. माळव्यातली अफू संस्थानांच्या मुलखात पिकायची, कंपनी सरकार तिच्यावर पासाची पट्टी घ्यायचं, आणि मुंबई बंदरातून ती चीनला जायची. १८५८ मध्ये मार्क्सने ‘न्यू यॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये अफूच्या व्यापारावर लेख लिहिले, तेव्हा आगाऊ रकमा देऊन कंपनीच्या मुलखातल्या रयतेला अफूकडे वळवण्याची रीत त्याने दाखवली. आगाऊ रक्कम आणि मग बांधलेला शेतकरी, ही गोष्ट अफूपाशी संपली नाही. तिसऱ्या खंडात सावकारी भांडवलावर जे प्रकरण आहे, त्यात व्याज लहान उत्पादकाला पिळून काढतं पण उत्पादनाची पद्धत बदलत नाही, असं निदान आहे. शेकडा तीन दरमहा म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, एवढं गणित पाटीवर मांडलं की ते प्रकरण निम्मं समजतं. बागलीत १९९० पासून काम करणाऱ्या समाज प्रगती सहयोग या संस्थेने पाणलोटाच्या कामाबरोबर बायकांचे बचतगटही उभे केले. तिच्या केंद्राला बाबा आमट्यांचं नाव आहे. गटाची वही लिहिणाऱ्या बाईइतकी या प्रकरणाची जाणकार वाचक विद्यापीठातही मिळणं कठीण.

पण सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं काय? तो कुणाचा मजूर नाही, पेरणी-काढणीला तोच मजूर लावतो. २०२४-२५ साठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती. बाजार त्याच्या खाली घसरला आणि मध्य प्रदेशातले शेतकरी ६,००० रुपयांची मागणी करत रस्त्यावर आले. इथे वरकड कुठे तयार होतं आणि कुणाच्या हाती जातं? शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या काळात मार्क्सवाद्यांना हाच सवाल केला होता: शोषण कारखान्याच्या आत शोधता, मग शेतीमालाच्या भावातून होणाऱ्या लुटीचं काय? मार्क्सच्या परंपरेतही याची उत्तरं शोधली गेली. कार्ल काउट्स्कीचा शेतीप्रश्नावरचा ग्रंथ आणि लेनिनचा रशियातल्या भांडवलशाहीवरचा ग्रंथ, दोन्ही १८९९ चे. रोझा लक्झेंबर्गचं संचयावरचं पुस्तक १९१३ चं. भारतीय शेती भांडवली झाली की नाही यावर १९७० च्या दशकात आपल्याकडच्या अर्थतज्ज्ञांत मोठा वाद रंगला. आणि जात? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली, शरद पाटलांनी मार्क्सला फुले-आंबेडकरांच्या शेजारी नेऊन बसवलं. हे सगळं गटाच्या वाचनात यायला हवं. मार्क्सचं प्रत्येक वाक्य खरं करून दाखवायला जमलेला गट तीन महिन्यांत पांगतो, आणि पांगलेलाच बरा.

मार्क्सशी न पटणारा वाचकही गटात हवा. कैलाश जोशी १९६२ पासून आठ वेळा बागलीतून निवडून गेले, १९७७ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले, ते जनसंघाच्या परंपरेतले. त्या परंपरेतला कुणी वाचक गटात आला तर त्याला आवर्जून पुढे बसवावं. त्याच्या शंकांनी वाचन पक्कं होतं.

पहिल्या खंडाला आठवड्याला आठ-दहा पानांच्या गतीने दोन वर्षं लागतील. तोवर गट टिकला, तर तिसऱ्या खंडातला जमिनीच्या खंडाचा भाग आखातीजेच्या आधीच्या महिन्यात घ्यावा. खान्देशात सालदाराचं साल याच सणाला, आखाजीला, बदलतं, माळव्यातही शेतीचे नवे बोलाचालीचे करार उन्हाळ्यातच ठरतात. कोणत्या जमिनीला किती बटाई मागतात, विहीर असेल तर किती, नसेल तर किती, हे सभासदांनी त्या दिवसांत लिहून आणावं आणि मार्क्सने विभेदी खंडाचे, म्हणजे जमिनीच्या प्रतीप्रमाणे बदलणाऱ्या खंडाचे, जे तक्ते मांडले आहेत, त्यांच्या शेजारी ते आकडे ठेवून पाहावेत.