उजव्या खुर्चीचा उमेदवार

मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराच्या आधी त्याचं लॉगबुक बोलायला लागतं. टेबलापलीकडचा ज्येष्ठ कॅप्टन पानं मागून पुढे चाळत येतो, एका ओळीवर बोट ठेवतो आणि सहज विचारतो, "हा 300 मैलांचा प्रवास. कुठून निघालात? दुसऱ्या विमानतळावर उतरताना वारा कुठून होता?"

प्रश्न साधा दिसतो, पण ओळ नेमकी निवडलेली असते. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास स्वतः 'पायलट इन कमांड' म्हणून केलेले असावे लागतात, आणि त्यातच निदान 300 नॉटिकल मैलांचा एक प्रवास असतो, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला. धुळ्याला, बारामतीला किंवा गोंदियाजवळच्या बिरसीला शिकलेल्या मुलाने तो खरोखर केला असेल, तर त्याला वाटेतलं धरण आठवतं, रेल्वेचा फाटा आठवतो, रेडिओवर अडखळलेलं वाक्यही आठवतं. केला नसेल, तर आठवतो फक्त आकडा. खोट्या तासांना वैमानिकांच्या बोलीत 'पी-51' म्हणतात. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग लढाऊ विमानाचं, रोख पार्कर 51 या पेनाकडे.

ही तपासणी किती गरजेची आहे, हे आपल्याला गोव्याने शिकवलं. जानेवारी 2011 मध्ये दाबोळीला एक प्रवासी विमान मुख्य चाकांऐवजी आधी नाकाखालच्या चाकावर टेकलं. चौकशी कॅप्टनच्या कागदांपर्यंत पोचली, तेव्हा वरच्या लायसन्ससाठी दिलेल्या गुणपत्रिकाच बनावट निघाल्या. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, इतरांचीही लायसन्सं तपासायला घेतली आणि आणखी प्रकरणं बाहेर आली.

कागद खरे ठरले की लेखी परीक्षा. हवामान, नेव्हिगेशन, नियम, इंजिनं. अभ्यास केलेल्याला ती जड जात नाही. अनेकांची भंबेरी उडते ती त्यानंतरच्या संगणकीय चाचणीत. पडद्यावर पळणारा ठिपका जॉयस्टिकने चौकटीत धरून ठेवायचा, त्याच वेळी कानात पडणाऱ्या आकड्यांतले ठराविक ओळखायचे, आणि मध्येच बाजूला उमटलेलं गणित सोडवायचं. तिन्ही कामं उत्तम करणं जवळपास अशक्य असतं. ओझं वाढल्यावर माणूस आधी काय हातातून सोडतो आणि काय घट्ट धरून ठेवतो, हे त्यातून दिसतं. हवाई दलात अशीच चाचणी 'पीएबीटी' या नावाने अनेक पिढ्यांनी दिली. ती आयुष्यात एकदाच देता यायची. नापास झालं की लष्करी वैमानिक होण्याचं दार कायमचं बंद. विमान कंपन्या तेवढ्या कठोर नाहीत. काही काळ थांबून पुन्हा अर्ज करता येतो.

तोंडी गणितंही असतात, आणि ती मला फार आवडतात, कारण त्यांत कामाचा वास आहे. विमान 36 हजार फुटांवर आहे, किती मैल आधी खाली यायला लागाल? हजारांच्या आकड्याला तीनने गुणा: साधारण 108 मैल. जमिनीच्या सापेक्ष वेग 140 नॉट आहे, तीन अंशांच्या उतारावर मिनिटाला किती फूट उतराल? पाचने गुणा: 700. संगणक हे सारं सांगतोच. पण संगणक चुकीचं सांगत असेल तर ते कळण्यापुरतं गणित डोक्यात असावं लागतं.

मग येतो सिम्युलेटर. बोलीत नुसतं 'सिम'. सिमची यंत्रं महाग असल्यामुळे ती दिवसरात्र चालतात. रात्री दोनची वेळ मिळाली तरी उमेदवार इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर असतो. त्याचे बहुतेक तास सेसना 172 सारख्या छोट्या विमानावरचे, ताशी शंभरेक नॉटचे. इथे समोर जेट. ऑटोपायलट बंद, दिशा सुचवणारे पट्टेही बंद. फक्त मूळ उपकरणांकडे बघून उडवायचं. उड्डाण, ठरलेल्या उंचीवर वळणं, मग आयएलएस या उतरण्याच्या रेडिओ यंत्रणेच्या दोन काट्यांवर नजर ठेवून धावपट्टीकडे उतरत यायचं. 200 फुटांवर धावपट्टी दिसली नाही, तर पुन्हा वर: 'गो अराउंड'.

पहिला प्रयत्न बहुधा बिघडतो. उंची शंभर-दीडशे फुटांनी निसटते, काटा बाजूला पळतो, त्याच्यामागे हात आणि हातामागे घाम. परीक्षकाला हे अपेक्षितच असतं. 200 तासांच्या मुलाने जेट सुरेख उडवावं असं त्याचं म्हणणं नसतं. तो एक सूचना देतो, "पॉवर आधी लावा, मग नाक उचला," आणि तोच भाग पुन्हा करायला सांगतो. दुसऱ्या वेळी ती सूचना हातात उतरली का, हे तो बघतो. पहिल्याच वेळी बरं उडवून दुसऱ्या वेळीही तेवढंच बरं उडवणाऱ्यापेक्षा वाईटातून वर येणारा त्याला जास्त आश्वासक वाटतो. कारण निवड झाल्यावर टाइप रेटिंगच्या, म्हणजे कंपनीच्या ठराविक विमानाच्या प्रशिक्षणाच्या, सिममध्ये हेच आठवडेच्या आठवडे चालणार असतं, आणि तिथला प्रत्येक तास पैशात मोजला जातो.

बहुतेकदा उमेदवार जोडीने बसतात. एक उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो. गुण दुसऱ्याचेही मोजले जातात, आणि अनेक जण नेमके तिथे घसरतात. जोडीदाराची उंची सुटताना दिसते, पण तो तर माझा प्रतिस्पर्धी, त्याला का सांगू? किंवा उलट: सांगितलं तर त्याला राग येईल. दोन्ही वेळा माणूस गप्प बसतो. माझ्या मते साऱ्या निवडीचा गाभा या शांततेत आहे.

पण नुसतं सांगूनही भागत नाही. 22 मे 2010 च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर फार पुढे टेकलं आणि दरीत गेलं. 166 जणांतले 158 गेले. विमान उंचावर होतं, उतार तीव्र होता. उजव्या खुर्चीतल्या को-पायलटने तीन वेळा 'गो अराउंड' म्हटलं. डावीकडचे कॅप्टन उतरतच राहिले. चौकशी अहवालाने एक गोष्ट स्पष्ट नोंदवली: को-पायलटने स्वतः विमान वर न्यावं की नाही, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, आणि बहुधा त्यामुळेच त्याने सांगितलं, पण विमानाचा ताबा घेतला नाही.

ताबा घेण्याची ही शेवटची पायरी आपल्याकडे फार उंच आहे. घरात मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, शाळेत गुरुजींची चूक काढायची नाही, या वळणावर वाढलेला बावीस वर्षांचा मुलगा हजारो तासांच्या कॅप्टनला 'सर' म्हणतो. 'सर' म्हणण्यात गैर काही नाही. पण 'सर' म्हणून झाल्यावर पुढचं वाक्य यायला हवं. म्हणून निवडीतल्या गटचर्चेत परीक्षक मोठ्या आवाजाच्या मुलाकडे जेवढं बघतात, तेवढंच चौघांचं एकमत झाल्यावर "एक मिनिट, यात इंधनाचा विचार झालेला नाही" म्हणणाऱ्या मुलीकडे बघतात.

स्वतःबद्दल खरं बोलणं त्याहून अवघड. 23 फेब्रुवारी 2019 ला टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ ॲटलस एअरचं मालवाहू बोइंग 767 कोसळलं, तिघे गेले. को-पायलटने आधीच्या नोकऱ्यांतल्या प्रशिक्षणातली अपयशं लपवली होती, हे तपासात निघालं, आणि कंपनीच्या भरतीच्या पद्धतीवरही ठपका आला. म्हणूनच "कधी एखाद्या चेकमध्ये नापास झालात का?" हा प्रश्न पॅनल शांतपणे विचारतं. हो म्हणून त्यातून काय सुधारलं ते सांगणाऱ्याचं त्या उत्तराने बहुधा बिघडत नाही.

मनाच्या बाबतीत मात्र हा न्याय अजून पुरता लागलेला नाही. 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्जच्या को-पायलटने कॉकपिटचं दार बंद करून विमान आल्प्सवर नेलं, 150 जण गेले. त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता. त्यानंतर युरोपने नोकरीआधीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन सक्तीचं केलं. डीजीसीएनेही त्याच दिशेने पावलं टाकली. पण दोन तासांच्या प्रश्नावलीत कोण किती सापडणार? "मला झोप लागत नाही" म्हटल्यावर मेडिकल, म्हणजे वैद्यकीय पात्रता, जाईल, मेडिकल गेलं की पगार जाईल आणि मागे 50 लाखांवरचं शिक्षणाचं कर्ज उरेल, हे ज्याला ठाऊक आहे तो खरं उत्तर लिहिणार नाही. खरं बोलणारा माणूस हवा असेल, तर खरं बोलून नोकरी टिकते हे आधी दिसायला हवं.

भाषेबद्दलही माझी एक तक्रार आहे. आंतरराष्ट्रीय नियमाने इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. ती योग्यच आहे, कारण आकाशातली भाषा तीच. पण ही पातळी समजून घेण्याची आणि समजेल असं बोलण्याची आहे, कॉन्व्हेंटी उच्चारांची नव्हे. मराठी शाळेतून आलेली मुलगी वाक्य मनात जुळवायला दोन सेकंद घेते, ते दोन सेकंद आत्मविश्वासाच्या रकान्यात उणे होऊ नयेत.

आता निवड आणखी अलीकडे सरकते आहे. कॅडेट योजनांत बारावी झालेल्या मुलांना एकही तास उडण्याआधीच निवडतात. लॉगबुक कोरं, मग जॉयस्टिक, गणित आणि बोलणं एवढंच उरतं. अमरावतीत बेलोरा विमानतळावर वर्षाला 180 वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने 2024 मध्ये केली. अमरावतीकडच्या मुलांना आता निदान विमान जवळून दिसेल.

मुलाखतीच्या शेवटी बहुधा एक प्रसंग दिला जातो. उतरताना 500 फूट राहिलेत, वेग जास्त आहे, तुम्ही 'गो अराउंड' म्हटलंत, कॅप्टन ऐकत नाहीत. काय कराल? उमेदवार मुलगी पुस्तकातलं उत्तर देते: पुन्हा एकदा स्पष्ट सांगेन, उत्तर नाही आलं तर ताबा घेईन.

"कॅप्टन मी असलो तरी?" पलीकडचा कॅप्टन विचारतो, आणि लॉगबुक मिटून तिच्याकडे बघत राहतो.

"हो, सर. तुम्ही असलात तरी."