मूल कितवीत आहे? : कुटुंबपाहणीतील एका रकान्याविषयी

कुटुंबपाहणीच्या तक्त्यात मुलाच्या शिक्षणाचा रकाना सर्वांत सोपा समजला जातो. शिक्षक दारात उभा राहून विचारतो, "मुलगा कितवीत आहे?" आई सांगते, "चौथीत," आणि चारचा आकडा तक्त्यात पडतो. परंतु या एका उत्तराचे निदान तीन अर्थ संभवतात. मुलगा आज चौथीच्या वर्गात बसतो, हा एक. चौथी झाल्यावर त्याने शाळा सोडली, हा दुसरा. त्याचे नाव चौथीच्या पटावर आहे, पण कित्येक आठवडे तो शाळेत गेलेला नाही, हा तिसरा. या तिघांची गरज निरनिराळी आहे. तक्त्यात मात्र तिघेही एकाच आकड्याखाली जमा होतात, आणि ज्यांच्या शोधासाठी पाहणी काढली जाते ती मुले नेमकी तेथेच हरवतात.

यास्तव एका प्रश्नाचे तीन प्रश्न करणे अवश्य आहे. मूल सध्या शिकावयास जाते काय? जात असल्यास कोणत्या इयत्तेत? आणि त्याने पूर्ण केलेली शेवटची इयत्ता कोणती? या तिहींपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात कधीही जाऊ नये.

जनगणनेत हा भेद पूर्वीपासून पाळला जातो. २०११ च्या जनगणनेची व्यक्तिगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. तिच्या अनुसूचीत साक्षरता, सध्याची उपस्थिती आणि प्राप्त केलेली सर्वोच्च शैक्षणिक पातळी असे तीन स्वतंत्र प्रश्न होते. शिकावयास जाणाऱ्यांसाठी शाळा, महाविद्यालय, व्यवसाय शिक्षणसंस्था, अपंगांसाठीची विशेष संस्था, साक्षरता केंद्र व अन्य संस्था असे पर्याय होते. न जाणाऱ्यांमध्ये 'पूर्वी जात होता' आणि 'कधीच गेला नाही' असे दोन भाग केलेले होते. फेब्रुवारीत दहावीच्या वर्गात बसणारा विद्यार्थी उपस्थितीच्या प्रश्नात शाळेत जाणारा ठरतो. परंतु त्याने दहावी उत्तीर्ण केलेली नसल्यामुळे सर्वोच्च पातळीच्या प्रश्नात माध्यमिक अशी नोंद होऊ शकत नाही. तसेच सात वर्षांखालील मूल जनगणनेत साक्षर धरले जात नाही. पहिलीतील सहा वर्षांची मुलगी घडाघडा वाचत असली, तरी गणकाने आपल्या समाधानासाठी हा नियम मोडू नये. पुढील जनगणना २०२७ साली होईल असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना ज्या मोजक्या बिगरशैक्षणिक कामांवर नेमता येते, त्यांत दशवार्षिक जनगणना आहे. सबब हा भेद शिक्षकास पक्का ठाऊक असला पाहिजे.

पटावरील नाव म्हणजे उपस्थिती नव्हे, ही दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट. महाराष्ट्रात ६ ते १४ वयोगटातील जे मूल शाळेत दाखलच झाले नाही, तेवढेच शाळाबाह्य नव्हे. दाखल होऊनही ज्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण केले नाही, आणि जे सतत एक महिन्यापेक्षा अधिक काळ गैरहजर आहे, तेही शाळाबाह्यच. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. एका दिवसाच्या भेटीत आई "शाळेत आहे" असे सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. नाव पटावर आहे, एवढेच तिला म्हणावयाचे असते. पुढचा प्रश्न शिक्षकानेच विचारला पाहिजे : "शाळेत शेवटचे कधी गेले होते?"

तिसरी गोष्ट काळाची. पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर हे एके काळी शेतीचे गाव. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. चाकणच्या बाजूच्या खेड्यांतही कारखान्यांमुळे बाहेरगावची कुटुंबे येऊन राहिली आहेत. म्हणून तेथील अडचण ही उद्या अनेक गावांची अडचण होय. समजा, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पिंपळे सौदागर येथे पाहणी निघाली. एका इमारतीत एकाच वयाची दोन मुले आहेत. एक राज्य मंडळाच्या शाळेतील. चौथीची परीक्षा देऊन तो जूनची वाट पाहत आहे. दुसरा केंद्रीय मंडळाच्या शाळेतील. त्याचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाल्यामुळे तो पाचवीत बसू लागला आहे. नुसते 'चौथी' व 'पाचवी' लिहिल्यास दुसरा एक वर्ष पुढे दिसतो. वस्तुतः दोघांचीही चौथीच पूर्ण झाली आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत इयत्तेपुढे शैक्षणिक वर्ष आणि भेटीची तारीख लिहावी. सुट्टीत घरी असलेले मूल शाळा सोडलेले समजू नये, हेही ओघानेच आले.

आता त्याच भागातील एखाद्या बांधकामावरील मजुरांच्या वस्तीत जावे. तेथे बिहारमधून दिवाळीनंतर आलेली नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळीत आहे. आई म्हणते, "तिसरीत आहे." गावच्या पटावर तिचे नाव तिसरीत असेलही. परंतु खरी नोंद अशी : सध्या उपस्थित नाही, शेवटची उपस्थिती गावी, तिसरीत, पूर्ण केलेली इयत्ता दुसरी. 'तिसरी' एवढेच लिहिले तर ती शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बेरजेत मिळते आणि तिला शोधीत कोणीही येत नाही. नीट लिहिले तर तिच्यासाठी कायद्याची दारे उघडतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तिला वयानुरूप वर्गात प्रवेश व मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळावयाचे असते. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, या सबबीवर कलम ५ प्रवेश अडवू देत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास कलम १४ मनाई करते. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे, ही कर्तव्ये कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहेत. या सर्वांचा पाया शिक्षकाने लिहिलेली ती एक ओळ असते.

पत्ताही पुरता लिहावा. पिंपळे गुरव, पिंपळे निलख व पिंपळे सौदागर ही तिन्ही गावे शेजारशेजारची. नुसते 'पिंपळे' लिहिलेला कागद पुढे ज्याच्या हाती पडेल, त्याला ते मूल सापडणार नाही. बांधकामावरील वस्तीला घरक्रमांक नसतो; तेथे जवळची इमारत, चौक किंवा दुकान यांची खूण नोंदवावी.

कारखान्यांच्या या पट्ट्यात मोठ्या मुलांविषयीही घोटाळा होतो. दहावी उत्तीर्ण होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणारा मुलगा 'शाळा सोडलेला' नव्हे. तो व्यवसाय शिक्षणसंस्थेत उपस्थित आहे, आणि त्याची पूर्ण पातळी दहावी आहे. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसणारी मुलगी शाळेत जात नाही, तरी शिकत आहे. अशा वेळी ठराविक शब्दात बसविण्याचा हट्ट न धरता शेऱ्याच्या रकान्यात वस्तुस्थिती लिहावी.

इयत्ता आणि येणारे वाचन यांची गल्लतही टाळावी. २००५ पासून 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' पाहणीत मुलाची इयत्ता विचारून घेतात आणि वाचन मात्र घरीच त्याच्यापुढे मजकूर ठेवून पाहतात. त्या पाहणीत वरच्या इयत्तेतील कित्येक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही वाचता येत नसल्याचे आढळले आहे. म्हणून पाचवीतील मुलास वाचता येत नाही, या कारणाने त्याची इयत्ता कमी करून लिहू नये. आणि इयत्ता पाचवी आहे म्हणून वाचन येते असेही धरू नये.

प्रत्यक्ष भेटीत पुढील क्रम सोयीचा पडतो. प्रथम मुलाचे वय विचारावे. नंतर ते आज किंवा सुट्टीपूर्वी शाळेत जात होते काय, शाळेचे नाव व गाव कोणते, शेवटचे केव्हा गेले, इयत्ता व वर्ष कोणते, आणि कोणत्या इयत्तेचा निकाल लागला आहे, हे विचारावे. गुणपत्रक अथवा शिक्षण हमी पत्रक घरात असल्यास पाहून घ्यावे. नसल्यास त्यासाठी नोंद अडवू नये. मूल घरी असेल तर त्यालाही आपुलकीने विचारावे. पुष्कळदा आईबापांपेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते. दार बंद आढळल्यास शेजाऱ्याच्या सांगण्यावरून रकाना भरू नये. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी किंवा संध्याकाळी पुन्हा जावे. उत्तर मिळालेच नाही, तर 'माहिती मिळाली नाही' असे स्पष्ट लिहावे. रिकामा रकाना पुढे कोणीतरी अंदाजाने भरतो.

भरलेले तक्ते वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविण्यापूर्वी 'सध्या उपस्थित नाही' अशा नोंदी निराळ्या काढून त्यांची यादी शाळेत ठेवावी. त्या यादीतील प्रत्येक मूल वर्गात येऊन बसेपर्यंत पाहणीचे काम पुरे झाले असे मानू नये.