एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें : न उठणाऱ्या संगणकाविषयीं

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूस, म्हसावद हें गांव आहे. ह्याच तालुक्यांतील टेंभली ह्या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिलें आधारपत्र देण्यांत आलें. तेव्हांपासून घरोघरचे कागद ट्रंकेंतून निघून यंत्रांत जाऊं लागले आहेत. गुणपत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे दाखले, आजी-आजोबांचीं छायाचित्रें हीं सर्व आतां संगणकांत सांठविलेलीं असतात. पुण्यास किंवा नाशिकास शिकणाऱ्या मुलाचा जुना संगणक सुटींत म्हसावदसारख्या गांवीं येतो, धाकट्या भावंडांच्या हातीं पडतो आणि हळूहळू साऱ्या घराचें दप्तर बनतो. अशा घरांत परीक्षेचा अर्ज भरावयाच्या आदल्याच दिवशीं यंत्राचें बटन दाबावें, आणि नेहमींच्या चित्राऐवजीं काळ्या पडद्यावर दोन-चार इंग्रजी अक्षरें उमटून तें स्तब्ध राहावें, म्हणजे सर्वांच्याच पोटांत गोळा उठतो.

यंत्र दुकानांत नेलें तर पुष्कळदां एकच उपाय ऐकावयास मिळतो : ‘फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकूं.’ त्यानें यंत्र सुरू होतें हें खरें. परंतु आंतील कागद आणि छायाचित्रें त्याबरोबर पुसलीं जातात. वस्तुतः ज्या यंत्रांत दोन कार्यप्रणाली घातलेल्या आहेत तें उठेनासें झालें, तर बहुतेक वेळां आंतील माहितीला कांहींच झालेलें नसतें. बिघाड असतो तो दाराशीं. तो कसा ओळखावा आणि कोणत्या क्रमानें हाताळावा, हें समजून घेण्यास फारसें तांत्रिक शिक्षण लागत नाहीं.

प्रथम दोन कार्यप्रणाली हव्यात कशाला, हें पाहूं. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा कारभारी. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी लिनक्स. हिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लोकांपुढें ठेवला. उबुंटू, डेबियन, मिंट हे तिचे निरनिराळे अवतार असून ते विनामूल्य मिळतात. १९८८ सालीं स्थापन झालेल्या, पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेनेंही भारतीय भाषांची सोय असलेला ‘बॉस’ नांवाचा अवतार तयार केला; आणि मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ ह्या उपक्रमांत लिनक्सचे धडे मराठींतूनही ऐकावयास मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नियमित डागडुजी थांबविली. विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप व जो प्रोसेसर लागतो, तो जुन्या यंत्रांत बहुधा नसतो. त्यामुळें सवयीच्या कामांसाठीं विंडोज तशीच ठेवून शेजारीं लिनक्स घालण्याकडे अनेक कुटुंबांचा कल होतो. मुलांच्या अभ्यासक्रमासाठीं लिनक्स लागते, हें आणखी एक कारण.

अशा यंत्राची रचना एखाद्या जुन्या वाड्यासारखी असते. हार्ड डिस्क हा वाडा. तिचे जे भाग पाडतात त्यांस पार्टिशन म्हणतात. एका भागांत विंडोजचें बिऱ्हाड, दुसऱ्यांत लिनक्सचें. शिवाय प्रवेशापाशीं एक लहानशी देवडी असते. तिला ईएफआय विभाग म्हणतात. दोन्ही बिऱ्हाडांना जागें करणारे छोटे प्रोग्राम तेथें, दारावरील पाट्यांप्रमाणें, आपापल्या जागीं ठेवलेले असतात. बटन दाबतांच प्रथम उठतो तो ह्या देवडीचा रखवालदार. तो डिस्कमध्यें राहत नाहीं. मुख्य पाटावरील एका चिपमध्यें तो कायमचा बसविलेला असतो. त्याचें नांव यूईएफआय. कोणाची पाटी आधीं पाहावी आणि कोणाची मागाहून, ह्याची एक यादी त्याच्यापाशीं असते. लिनक्स घातली कीं यादींत पहिलें नांव ‘ग्रब’ ह्या प्रोग्रामचें येतें. ग्रब दोन्ही बिऱ्हाडांचीं नांवें पडद्यावर दाखवितो, कांहीं सेकंद वाट पाहतो आणि मालक ज्याचें नांव निवडील त्याचें दार उघडतो.

बूट हा शब्दही मोठा गमतीचा आहे. पायांतील बुटाचा पट्टा ओढून स्वतःसच वर उचलावें, अशी इंग्रजींत एक अशक्य गोष्टीची कल्पना आहे. निजलेल्या संगणकास दुसरा कोणी उठवावयास नसतो. चिमुकला प्रोग्राम मोठ्यास उठवितो आणि मोठा त्याहून मोठ्यास. ह्या सांखळीची एक कडी निखळली कीं पुढचें सारें थांबतें. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रांत तर देवडीही नसे. डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांच्या घरांत, त्यांतही पहिल्या ४४६ बाइटांत, एकाच कार्यप्रणालीचा उठविणारा प्रोग्राम मावे. जी मागाहून येई ती पहिलीचा प्रोग्राम पुसून आपला लिही. म्हणून आधीं विंडोज आणि मग लिनक्स घालावी, हा परिपाठ पडला. आणि तो आजही सोयीचा आहे.

आतां यंत्र उठलें नाहीं तर पहिलें काम कोणतें? दुरुस्ती नव्हे, कागद बाहेर काढणें. त्यासाठीं दुसऱ्या एखाद्या संगणकावरून उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून घ्यावा. त्यावरून यंत्र सुरू केलें आणि ‘स्थापित न करतां वापरून पाहा’ अशा अर्थाचा पर्याय निवडला, म्हणजे लिनक्स तात्पुरती स्मृतींतूनच चालते. डिस्कवर कांहीं लिहिलें जात नाहीं. मग विंडोजचा विभाग उघडून सर्व महत्त्वाचे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावेत. एवढें झालें कीं निम्मी भीति संपते. मात्र रखवालदाराच्या यादींत डिस्कच दिसत नसेल, किंवा तींतून टक्‌टक् असा आवाज येत असेल, तर वाड्याच्या भिंतीच खचल्या आहेत असें समजून यंत्र बंद करावें आणि जाणकाराकडेच न्यावें.

कुलूप ही दुसरी सावधगिरीची गोष्ट. विंडोजच्या बिऱ्हाडाला पुष्कळ नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरचें किंवा तत्सम कुलूप असतें, आणि घरच्यांस त्याचा पत्ताही नसतो. रखवालदाराच्या नियमांत फेरफार केला कीं हें कुलूप संशय घेतें आणि ४८ आंकड्यांची किल्ली मागतें. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असते. ती मिळाली नाहीं तर आंतील माहिती कोणासही वाचतां येत नाहीं. म्हणून कोणताही फेरफार करण्यापूर्वीं हे ४८ आंकडे हातानें कागदावर उतरून घ्यावेत आणि तो कागद यंत्राजवळ न ठेवतां घरांत इतरत्र जपून ठेवावा.

ह्यानंतर दुखण्याचें निदान करावें. तें पडद्यावरील लक्षणांवरून होतें.

ग्रबची यादी न दिसतां यंत्र सरळ विंडोजमध्यें शिरतें, हें सर्वांत सौम्य लक्षण होय. विंडोजच्या एखाद्या मोठ्या दुरुस्तीनंतर रखवालदाराच्या यादींतील क्रम बदललेला असतो. लिनक्सचें बिऱ्हाड आणि तिची पाटी जागच्या जागीं असते. यंत्र सुरू होतांना एफ २, एफ १२, एस्केप किंवा डिलीट ह्यांपैकीं त्या यंत्रास लागू असेल ती कळ दाबून रखवालदाराच्या दप्तरांत जावें आणि उबुंटूचें नांव पुन्हां पहिल्या जागीं आणावें. हें काम पांच मिनिटांचें आहे, आणि ह्यानें कोणतीही माहिती पुसली जात नाहीं.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढींच अक्षरें दिसलीं, तर ग्रब अर्धवट जागा झाला आहे, पण त्याला आपलें सामान सांपडत नाहीं, असें समजावें. ह्याचें नेहमींचें कारण मानवी असतें. जागा कमी पडते म्हणून कोणी तरी विंडोजमधून लिनक्सचा ‘अनोळखी’ विभाग पुसून टाकतो. बिऱ्हाड गेलें, पाटी राहिली! येथें विंडोज सुरक्षितच असते. रखवालदाराच्या यादींत ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडला कीं ती उघडते. लिनक्सचा विभाग शाबूत असून केवळ ग्रब बिघडला असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावें, मोबाइलवरून इंटरनेट जोडावें आणि ‘बूट-रिपेअर’ हें साधन आणवून त्याची सुचविलेली दुरुस्ती करावी. तें ग्रबची पाटी नव्यानें लावून देतें.

ग्रबच्या यादींत लिनक्स दिसते पण विंडोजचें नांवच नाहीं, हें तिसरें लक्षण. येथें पुष्कळांचा समज होतो कीं विंडोज पुसली गेली. खरी गोष्ट अशी कीं २०२१ सालच्या २.०६ ह्या आवृत्तीपासून ग्रबनें इतर बिऱ्हाडांचा शोध घेणें सुरक्षेसाठीं आपण होऊन बंद केलें. लिनक्समध्यें शिरून ग्रबच्या नियमपत्रांत ‘ओएस-प्रोबर’ चालूं ठेवण्याची ओळ घालावी आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे विंडोजचें नांव बहुधा पुन्हां यादींत येतें.

उलटपक्षीं, लिनक्स चालते पण विंडोजच अर्ध्यावर अडकते, असें झालें तर विंडोजचा स्थापनेचा पेनड्राइव्ह लावून ‘स्टार्टअप रिपेअर’ हा पर्याय घ्यावा. त्याच पडद्यावर जवळच ‘रीसेट’ असतो, आणि त्याच्या पोटांत ‘सर्व कांहीं काढून टाका’ हा पर्याय असतो. घाईत बोट तेथें पडतां कामा नये.

पाट्यांचें हें दुखणें एकट्या-दुकट्या घराचेंच असतें असें नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें तें एकाच वेळीं जगभर उद्भवलें. त्या महिन्याच्या १३ तारखेस विंडोजच्या मासिक सुरक्षा-दुरुस्तीबरोबर ‘सिक्युअर बूट’ ह्या व्यवस्थेला, म्हणजे रखवालदाराच्या ओळखपत्र तपासण्याला, नवा हुकूम मिळाला : ज्यांत दोष सांपडला आहे अशा जुन्या उठविणाऱ्या प्रोग्रामांस आंत सोडूं नये. दोष खरा होता. ग्रबमधील तो दोष २०२२ सालींच नोंदला गेला होता. दोन कार्यप्रणालींच्या यंत्रांस हा हुकूम लागू व्हावयाचा नाहीं, असें मायक्रोसॉफ्टनें म्हटलें होतें. परंतु अशीं यंत्रें ओळखण्याची योजना कित्येक ठिकाणीं चुकली. लिनक्स निवडतांच ‘कांहीं तरी गंभीर चुकलें आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवून यंत्रें बंद पडूं लागलीं. उपाय मात्र लहान निघाला. बिटलॉकरची किल्ली हाताशीं ठेवून सिक्युअर बूट तात्पुरतें बंद करावयाचें, लिनक्समध्यें शिरून ‘मोकयूटिल’ ह्या आज्ञेनें तो हुकूम काढून टाकावयाचा, लिनक्स अद्ययावत् करावयाची आणि सिक्युअर बूट पुन्हां चालूं करावयाचें. मायक्रोसॉफ्टनेंही मे २०२५ च्या दुरुस्तीनें हा दोष निवारिला. मधल्या काळांत ज्यांनीं घाबरून डिस्क पुसली, त्यांनीं विनाकारण आपले कागद गमावले.

दोन बिऱ्हाडें एका वाड्यांत नांदतात तेव्हां कांहीं लहान कुरबुरीही होतात. विंडोज बंद केली तरी ‘फास्ट स्टार्टअप’ ह्या सोयीमुळें ती पुरती निजत नाहीं. पसारा मांडून डुलकी घेते. अशा वेळीं लिनक्समधून तिच्या विभागांत लिहूं गेल्यास माहिती बिघडूं शकते, म्हणून लिनक्स बहुधा तो विभाग केवळ वाचण्यापुरता उघडते. फास्ट स्टार्टअप बंद ठेवणें हा ह्यावर कायमचा उपाय. घड्याळाचेंही तसेंच. यंत्रांतील घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर धरते, लिनक्स जागतिक वेळेवर. त्यामुळें लिनक्स वापरून विंडोजमध्यें आलें कीं सकाळचे १० वाजले असतां पडद्यावर पहाटेचे ४।। दिसतात. यंत्रांतील घड्याळ स्थानिक वेळेवर धरावें, अशी सूचना लिनक्सला एकदां दिली कीं ही साडेपांच तासांची तफावत मिटते.

विजेचा प्रश्न राहिला. दुरुस्ती चालूं असतांना वीज गेली तर लिहिली जात असलेली पाटी अर्धीच राहते. म्हणून जेथें वीज बेभरंवशाची आहे, तेथें मोठी दुरुस्ती लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरल्यावरच करावी. टेबलावरच्या संगणकाला यूपीएसची जोड असावी.

यंत्र चांगलें चालूं आहे त्याच दिवशीं तीन वस्तु तयार करून ठेवाव्यात : महत्त्वाच्या कागदांची दुसऱ्या डिस्कवरील प्रत, एक लाइव्ह पेनड्राइव्ह आणि ४८ आंकड्यांचा कागद. दुकानांत जावेंच लागलें, तर यंत्र देण्यापूर्वीं दोन वाक्यें स्पष्ट सांगावींत : आंत दोन कार्यप्रणाली आहेत, आणि विचारल्यावांचून फॉरमॅट मारूं नये. इतकी तयारी ज्या घरांत आहे, तेथें परीक्षेच्या अर्जाच्या आदल्या दिवशीं पडदा काळा झाला तरी अर्ज त्याच रात्रीं लाइव्ह पेनड्राइव्हवरून भरतां येतो, आणि दुरुस्ती सवडीनें रविवारीं करतां येते.