लोक म्हणजे नेमके किती?

'लोक काय म्हणतील?' हे वाक्य ज्याने एकदाही उच्चारले नाही, असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मनाला पूर्ण पटलेली गोष्टही पुष्कळदा या एका वाक्यापायी राहून जाते.

मार्टिन फिशबाइन आणि आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली या कोड्याची उकल मांडली. एखादे काम करायचा इरादा दोन गोष्टींतून घडतो. त्या कामाचे फळ बरे की वाईट, ही आपली समजूत. आणि जवळच्यांना आपण काय करावेसे वाटते, याचा आपला अंदाज. अंदाज हा शब्द ध्यानात ठेवा. पुढे आयझेन यांनी तिसरी गोष्ट जोडली : हे आपल्याला जमेल का?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. ती मनातून पटणाऱ्या बायका सातच असतील, हे मला खरे वाटत नाही. पण परतल्यावर घराचे दार उघडेल का, ही धास्ती ज्यांना होती, त्या कशा येणार? त्यांना भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २०१७ साली. तेव्हा दाद मागणाऱ्यांत मुस्लिम स्त्रियाच होत्या.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालाला मुलीला तालुक्याच्या कॉलेजात घालायचे होते. पण लोक! मी म्हटले, "खाला, बोटांवर मोजून सांगा, कोण लोक?" सासू, थोरले जेठ, समोरची शेजारीण... चौथ्या बोटाशी त्या अडल्या. जेठांना विचारले, तर ते म्हणाले, "माझी कुठे ना आहे? घरातल्या बायकांना चालणार नाही, म्हणून मी गप्प." दोघेही एकमेकांच्या न विचारलेल्या मताला भीत होते!

खरी अडचण वेगळीच निघाली. कॉलेज सुटे साडेपाचला आणि गावाची शेवटची एसटी पाचला. मग जेठांनीच तालुक्याला आपल्या बहिणीकडे पोरीच्या राहण्याची सोय लावली. समोरची शेजारीण काय म्हणाली, ते विचारायचे राहूनच गेले.